अल्पकालीन परदेशी मिशन दौरा: नाव देण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

दौऱ्याची घोषणा झाली की चर्चमधली उपासना संपल्यावर दाराशी मला तेच प्रश्न दरवर्षी विचारले जातात. गेली चौदा वर्षं मी असे गट घेऊन जाते आहे. त्यातले पहिले तीन दौरे आठवले की आजही तोंड लपवावंसं वाटतं, म्हणून इथली उत्तरं जरा स्पष्ट आहेत. वाचून कोणाला नाव मागे घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. फक्त तिकीट काढण्याआधी घ्या.

अल्पकालीन म्हणजे नेमके किती दिवस?

आमचा दौरा प्रवास धरून चौदा दिवसांचा असतो. आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्याच दौऱ्यांना लोक हा शब्द वापरतात.

पूर्वी ही भानगडच नव्हती. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाले आणि नोव्हेंबरात बंगालला पोचले. पाच महिने नुसते समुद्रावर गेले. त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं ते १८०५ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. १८३४ मध्ये सेरामपूरला वारले, मायदेशी एकदाही परतले नाहीत. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर चित्र बदललं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था सुरू केली आणि तरुणांना थोड्या काळासाठी बाहेर पाठवण्याची कल्पना जगभरच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पसरत गेली.

चौदा दिवसांत कोणी कॅरी होत नाही. तेवढ्या दिवसांत आपण पाहुणे असतो. एवढं मान्य असेल तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

तिथे आम्ही काय काम करणार?

यजमान मंडळी, म्हणजे आपल्याला बोलावणारं तिथलं चर्च, सांगेल ते. हे उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना यादी हवी असते: शाळेला रंग, मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा, रस्त्यावर नाटिका, विहीर.

आमच्या दुसऱ्या दौऱ्यात आम्ही बारा जणांनी एका शाळेचे चार वर्ग निळ्या रंगाने रंगवले. तीन दिवस लागले. गाणी म्हटली, फोटो काढले, एकमेकांच्या नाकाला रंग लावला. शाळेसमोरच्या झाडाखाली एक माणूस तिन्ही दिवस बसून आमच्याकडे बघत होता. आम्ही त्याला पाणी दिलं, त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा कळलं की तो त्या गावचा रंगारी. शाळेचं काम दरवर्षी त्याचंच असे. आम्ही गेल्यावर खिडक्यांच्या काचांवर सांडलेला रंग ब्लेडने खरवडायला त्यालाच बोलावलं होतं, तेवढेच त्याला पैसे मिळाले. काचांच्या कोपऱ्यांत निळे ठिपके तेव्हाही दिसत होते.

त्या वर्षापासून आम्ही कामाची यादी करणं बंद केलं. दौऱ्याच्या आठ महिने आधी तिथल्या पाळकांना (पास्टरना) आणि वडीलमंडळाला (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना) एवढंच विचारतो की तुम्हाला आमच्यातलं कोण उपयोगी पडेल. एका वर्षी उत्तर आलं: हिशेब ठेवायला शिकवणारं कोणीतरी, आणि जनरेटर उघडता येणारं कोणीतरी. बाकीचे नाही आलात तरी चालेल. त्या वर्षी आम्ही चौघेच गेलो.

एवढे पैसे प्रवासावर घालवण्यापेक्षा ते सरळ तिकडे पाठवले तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला गटात नकारात्मक समजतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटतो.

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं वाहून नेली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे गट तिथे घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्या कुटुंबांना आणि घर बांधून परतलेल्या लोकांनाही गाठून अभ्यास केला. विमानभाडं धरलं तर गटाने बांधलेलं एक घर साधारण ३०,००० डॉलरला पडत होतं. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर २,००० डॉलरच्या आसपास बांधत होत्या. घर कोणी बांधलं याने कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. बांधून परतलेल्यांच्या दानात आणि प्रार्थनेतही, त्यांना स्वतःला वाटत होतं तेवढा बदल टिकलेला नव्हता.

मग जायचंच कशाला? घर बांधायला जात असाल तर जाऊ नका, पैसे पाठवा. आम्ही जातो ते ओळख टिकवायला, बोलावलं आहे म्हणून, आणि आमच्याकडचं एखादं कौशल्य त्यांनी मागितलं आहे म्हणून. आमच्या मंडळीचा नियम असा आहे की दौऱ्यावर जेवढा खर्च होईल किमान तेवढीच रक्कम त्या वर्षी यजमान मंडळीच्या कामाला गेली पाहिजे. ती जमली नाही तर दौरा होत नाही. आजवर दोनदा झालेला नाही.

माझ्या वाट्याचे पैसे कसे उभे करायचे?

निम्मे स्वतःचे, निम्मे पाठिंब्याचे. ओळखीच्यांना पत्र लिहा आणि त्यात खरं लिहा. ‘भुकेल्यांना अन्न द्यायला चाललो आहे’ असं लिहून विमानाचं तिकीट काढणं बरं नव्हे. जमा झालेले पैसे मंडळीच्या खात्यातच येतील, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नाहीत. तुमचं जाणं रद्द झालं तर ते पैसे दौऱ्याच्या निधीत राहतात, तुम्हाला परत मिळत नाहीत. पैसे देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पर्यटक व्हिसावर जाऊन प्रचार केला तर कोणाला कळतं?

तुम्ही परतल्यावर पोलीस यजमान पाळकांच्या दारात येतात तेव्हा सगळ्यांनाच कळतं.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि ते वाचल्याशिवाय आम्ही अर्जच भरत नाही. नेपाळचं उदाहरण घ्या. २०१५ च्या राज्यघटनेच्या २६ व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्यावर बंदी घातली आहे. तिथल्या फौजदारी संहितेप्रमाणे त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. काही देशांत धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असतो. काही ठिकाणी शिकवणं किंवा वैद्यकीय सेवा देणं हेही ‘काम’ धरलं जातं, मोबदला घेतला नाही तरी.

अर्जात आणि विमानतळावर खरं बोलायचं. खरं सांगून व्हिसा मिळत नसेल तर त्या देशात आम्ही गट नेत नाही. ‘देवाची आज्ञा मोठी की माणसाचा कायदा’ हा वाद माझ्याशी अनेकांनी घातला आहे. धोका स्वतः पत्करणाऱ्या माणसाशी मी तो वाद घालेन. आपण विमानात बसून परत येणार आणि जोखीम तिथे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडणार, तेव्हा वाद घालायचा हक्क त्यांचा आहे.

पासपोर्टची मुदत आजच बघा. बरेच देश प्रवेशाच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत.

कोणत्या लसी घ्याव्या लागतील?

प्रवासाच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा. मी डॉक्टर नाही, पण दर खेपेला लोक कुठे चुकतात ते सांगू शकते.

पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत जाताना, किंवा तिथून परतताना, याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं. म्हणजे उड्डाणाच्या आठवडाभर आधी घेतलेली लस कागदावर शून्य. जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालतं, तेव्हा जुनं कार्ड जपून ठेवलं असेल तर पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे. गर्भवती, साठीपुढचे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

हिवताप. घरी पोचलो की गोळ्या बंद, असं निम्मा गट करतो. डॉक्सीसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी अमुक देशात जाऊन आले.

कुत्रं चावलं तर लगेच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि गटप्रमुखाला सांगायचं. दौऱ्याचा खोळंबा नको म्हणून लपवायचं नाही. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

अनाथाश्रमात सेवा करायला मिळेल का? मला मुलं फार आवडतात.

नाही. आम्ही अनाथाश्रमांच्या भेटी पूर्ण बंद केल्या आहेत. यावर सगळ्यात जास्त नाराजी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

अनाथाश्रमातली बहुतेक मुलं अनाथ नसतात. कंबोडियात २०११ मध्ये युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत आश्रमातल्या दर चार मुलांमागे सुमारे तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, शाळेच्या आमिषाने. परदेशी पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून आश्रम वाढतात, आणि आश्रम भरायला मुलं लागतात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेने आणि पर्यटनाने होणाऱ्या नुकसानीचा स्पष्ट उल्लेख केला.

हैतीचा प्रसंगही विसरू नये. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आतच दहा अमेरिकन बॅप्टिस्ट लोक ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे बहुतेकांचे आईवडील जिवंत असल्याचं निघालं. ते लोक वाईट होते असं मला वाटत नाही. त्यांना घाई होती, आणि आपण चांगलंच करतो आहोत याची खात्री होती.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका आश्रमात चार वर्षांची मुलगी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला मिठी मारत होती. आमच्या गटातल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. तिथल्या स्वयंपाकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ती आठवड्याला अशा चार गटांना मिठी मारते.’ अनोळखी माणसाला बघून लहान मूल आईच्या मागे लपायला हवं. ते लपत नसेल तर त्यात आपण गहिवरून जाण्यासारखं काही नाही.

मुलं आवडत असतील तर यजमान मंडळीच्या रविवारच्या शाळेत तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली बसा. चटया घालायलाही कोणी लागतंच.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वैद्यकीय शिबिरात इंजेक्शन देता येईल?

इथे देता येत नसेल तर तिथेही नाही. परवानाधारक डॉक्टर आणि परिचारिकांनासुद्धा त्या देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी लागते, आणि ती मिळायला महिने जातात.

औषधं बॅगेत भरून आणू नका. दान केलेल्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत. औषध तिथल्या गरजेचं असावं, पोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या लोकांना वाचता यावं, असं त्यात सांगितलं आहे. कपाटात उरलेल्या पट्ट्या यातल्या कशातच बसत नाहीत.

शिबिरांवरचा माझा विश्वास एका रिकाम्या पट्टीने उडाला. पहिल्या वर्षी आम्ही रक्तदाबाच्या तीस-तीस गोळ्या वाटल्या. वर्षाने परत गेलो तर एका आजींनी रुमालाची गाठ सोडून ती पट्टी काढली, तीस खळगे रिकामे, आणि माझ्या हातात ठेवली. त्यांना वाटलं होतं औषध संपलं की आम्ही येऊ. एकतिसाव्या दिवसापासून त्या वाट बघत होत्या. आता आम्ही शिबिर घेत नाही. गावाजवळच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेच्या पगाराला हातभार लावतो. याचा फोटो चांगला येत नाही.

जुने कपडे, खेळणी, वह्या घेऊन जाऊ का?

यजमानांनी मागितलेल्या वस्तूंखेरीज काही नको. वह्या-पेन्सिली तिथल्या बाजारात मिळतात, तिथूनच घ्या. दुकानदारही त्याच मंडळीत येत असतो.

सामान किती?

हातात धरायची एक बॅग आणि एक छोटी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना (काही प्रतींत बहात्तर) दोघादोघांनी पाठवतो, ते खरं तर आपल्या दौऱ्याचं सगळ्यात जुनं माहितीपत्रक आहे: थैली नको, झोळी नको, पुढ्यात वाढतील ते खा, एका घरात उतरलात तर घर बदलत बसू नका. शेवटची सूचना खास आपल्यासाठीच असावी. दुसऱ्या घरी पंखा आहे असं कळल्यावर गटात जे होतं ते मी पाहिलं आहे.

भाषा येत नाही, साक्ष कशी देणार?

साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव लोकांसमोर सांगणं. ती दुभाष्यामार्फत द्यायची. तुमची दहा मिनिटांची साक्ष वीस मिनिटांची होते, म्हणून पाच मिनिटांची तयार करा. एका दमात एकच वाक्य. म्हणी, कोट्या, यमकं घरी ठेवा. दुभाष्याला आदल्या दिवशी भेटून काय बोलणार ते सांगा, आणि बोलताना त्याच्याकडे न बघता लोकांकडे बघा. नमस्कार, आभार, ‘मला समजलं नाही’ आणि ‘माफ करा’ एवढं त्यांच्या भाषेत पाठ केलं तरी पुष्कळ. चौथं सगळ्यात जास्त लागतं.

फोटो काढायला मनाई का?

सरसकट मनाई नाही. आधी विचारा, मुलांचे काढायचे तर आईवडिलांना विचारा, आणि नाव व गाव घालून कुठेही टाकू नका. ज्या देशांत ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांवर नजर असते तिथे उपासनेचा एकही फोटो नको. शंका आली तर असा विचार करा: तुमच्या मुलीच्या शाळेत अनोळखी माणूस शिरला, तिला कडेवर घेतलं आणि फोटो काढून निघून गेला. चालेल?

सुरक्षिततेचं काय?

रात्रीचा रस्त्याने प्रवास बंद, पट्टा नसलेल्या गाडीत बसायचं नाही, दुचाकीवर मागे बसायचं नाही. लोकांना अतिरेक्यांची भीती वाटते, पण परदेशात प्रवाशांचा घात बहुधा रस्त्यावर होतो.

तरी दुसरा धोका नाहीच असं नाही. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका मंडळीचे २३ जण अफगाणिस्तानात बसने जाताना तालिबानच्या हाती पडले. त्यांच्या पाळकांसह दोघांना ठार मारलं, बाकीचे सुटायला ऑगस्टअखेर उजाडली, आणि त्यासाठी त्यांच्या सरकारला वाटाघाटींना बसावं लागलं. तेव्हा सरकारने एखाद्या भागात जाऊ नका असं सांगितलं असेल तर आम्ही जात नाही, कोणी कितीही ‘विश्वास ठेवा’ म्हटलं तरी.

आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. त्यातली बारीक अक्षरं मी वाचते, तुम्हीही वाचा. आधीपासूनचा आजार लपवलात तर विमा कंपनी हात वर करते.

मुलगी सतरा वर्षांची आहे, एकटी पाठवू का?

आईवडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल. अठराखालच्या कोणाबरोबरही एकटा एकच मोठा माणूस असणार नाही, हा नियम गटातल्या मुलांनाही लागू आहे आणि तिथल्या मुलांनाही. गटातल्या प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी होते. पाळकांचीही.

तिथे कोणी वैयक्तिक मदत मागितली तर द्यावी का?

हातात पैसे देऊ नका आणि, त्याहून महत्त्वाचं, शब्द देऊ नका. आमच्यातल्या एकाने एका मुलाला ‘तुझी फी मी भरेन’ असं सांगितलं. तो क्षण खराच होता. घरी आल्यावर नोकरी बदलली, विसरला. पुढच्या वर्षी तो मुलगा वही घेऊन आला, पहिल्या पानावर त्या माणसाचा ईमेल सुबक अक्षरात, आणि खाली त्याने पाठवलेल्या अकरा पत्रांच्या तारखा. तो माणूस त्या वर्षी गटात नव्हता. मदत करायची असेल तर तिथल्या वडीलमंडळाला सांगा. कोणाला किती गरज आहे ते त्यांना ठाऊक असतं, आणि पुढच्या वर्षीही ते तिथेच असतात.

परत आल्यावर उपासनेत साक्ष द्यावी लागते का?

हो, पण आल्या आल्या नाही. महिनाभर थांबा, गटाच्या दोन बैठका होऊ द्या. ‘त्यांच्याकडे काही नाही तरी किती आनंदी आहेत’ हे वाक्य मी कागदावरून खोडते. ते आनंदी होते कारण घरी पाहुणे आले होते. आपल्याकडे पाहुणे आले की आपणही हसतोच. त्याऐवजी एखाद्या माणसाबद्दल सांगा, नाव त्याची परवानगी घेऊन.

दरवर्षी त्याच ठिकाणी का? नवा देश का नाही?

तरुण संघ हे दरवर्षी विचारतो. आम्ही नुकतेच त्या निळ्या शाळेत पुन्हा गेलो होतो. यंदा रंग त्या रंगाऱ्यानेच दिला आहे, पिवळा. त्याने आमच्यातल्या दोघांना हाताखाली घेतलं, काचांना आधी कागद कसा चिकटवायचा ते दाखवलं, आणि एकाच्या हातून ब्रश काढून घेतला. पुढच्या वर्षीसाठी त्याने चिठ्ठी पाठवली आहे: दोघंच पाठवा, उंच असलेले.